फोटोखालचं गाव

एटापल्लीहून सूरजागडकडे जाणाऱ्या रस्त्यानं आता पायी चालवत नाही. खनिजाचे ट्रक एकामागून एक येतात, त्यांच्यामागे लाल धुळीचा पडदा उभा राहतो आणि तो खाली बसायच्या आत पुढचा ट्रक येतो. कडेच्या झाडांची पानं विटकरी झाली आहेत. मागच्या पौषात मी या रस्त्यावर एका वळणाशी जीपमधून उतरलो. ड्रायव्हर आलापल्लीचा तरुण होता. त्यानं विचारलं, चाचा, इथी तं घर नाई, दार नाई, कोनाकडं जाता? मी म्हणालो, जंगल बघायचंय. तो हसला. "जंगल तं सकाळपासून बघूनच राह्यलो ना आपन," असं म्हणून त्यानं सीट मागे पाडली आणि तोंडावर दुपट्टा ओढला.

मी नाला ओलांडला आणि चढ चढू लागलो. एकेकाळी हा चढ मी बोलत बोलत चढत असे. आता चार ठिकाणी बसलो. वर पोचलो तेव्हा समोर सागाची लागवड होती. सगळी झाडं एका वयाची, एका जाडीची, रांगेत. रांगांमधून उन्हाच्या पट्ट्या सरळ जमिनीपर्यंत आलेल्या. वाळकी पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. मी बराच वेळ उभा राहिलो. एकही पाखरू बोललं नाही.

इथे ऐन होता, धावडा होता, बेहडा, तेंदू, मोई. मोहाची तर अशी झाडं होती की तीन माणसांनी हाताला हात लावून कवेत घ्यावीत. पौषात सकाळी इथे ओल्या मातीचा आणि कुजत्या पानांचा वास असे. ऊन वर आलं की झाडांच्या साली तापत आणि वास कोरडा होई. फाल्गुनात मोह गळायला लागला की तो गोड वास अंगावर यायचा आणि दुपारपर्यंत आंबायचा. त्या वासानं माझं डोकं दुखायचं. आता तसं डोकं दुखावं म्हणून मी काय वाटेल ते देईन.

इथे मी एक फोटो काढला होता. रानपिंगळ्याचा, रानातल्या छोट्या घुबडाचा. निष्पर्ण फांदीवर बसलेला, पायात सरडा, डोळे सरळ माझ्याकडे. पक्ष्यांची आवड असणाऱ्या जुन्या लोकांनी तो पाहिला असेल. त्या फोटोखाली छापलं आहे, नागभीडजवळच्या जंगलात. ते खरं नाही. मी शहात्तर वर्षांचा आहे आणि हे तीन शब्द लिहायला मला वीसहून अधिक वर्षं लागली.

चंद्रपूरला माझा स्टुडिओ होता. त्याच गाळ्यात आधी अब्बांचं कल्हईचं दुकान होतं. नवसागराचा वास भिंतींतून कधी गेला नाही. त्यात माझ्या हायपोचा, फोटो धुवायच्या रसायनाचा वास मिसळला, आणि गिऱ्हाईक आत आलं की नाकाला रुमाल लावायचं. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो, आणि कोणी वारलं की घरच्यांनी घाईघाईनं बोलावून काढून घेतलेला शेवटचा फोटो. असं सगळं मी करत होतो. रविवारी मात्र सायकलीला कॅमेरा टांगून पाखरांमागे जायचो. नसीम, माझी बायको, म्हणायची, माणसं पैसे देऊन समोर येऊन बसतात तर तुम्हाला कंटाळा येतो, आणि जी उडून जातात त्यांच्यासाठी रोल जाळता.

मतदारांच्या ओळखपत्रांचं काम निघालं तेव्हा एटापल्लीकडच्या गावांचे फोटो काढायला मी गेलो. शाळेच्या भिंतीला पांढरी चादर लावायची, पुढे स्टूल, एकेक माणूस येऊन बसणार. वेंगाटोल्याची शाळा झाडाखाली भरायची, चादर लावायला भिंतच नव्हती. तेव्हा एक उंच, सडपातळ माणूस पुढे आला आणि दोन्ही हात वर करून चादर धरून उभा राहिला. दुपारपर्यंत. त्याचं नाव रैनू. माडिया आदिवासी घरातला. उन्हाळ्यात जंगलातल्या वणव्यावर नजर ठेवायच्या रोजंदारीवर जायचा, त्यामुळे मराठी बोलायचा, आपल्या झाडीपट्टीच्या मराठीसारखीच. शेवटी त्याचाच फोटो राहिला, तेव्हा चादर धरायला मी उभा राहिलो आणि शाळेच्या मास्तरांनी बटण दाबलं. गाव खूप हसलं.

जेवताना माझं लक्ष पाखरांकडे आहे हे त्यानं पाहिलं. मग त्यानं सांगितलं की वरच्या जंगलात एक पिंगळा आहे, तो दिवसा उघड्यावर बसतो. मी म्हणालो, पिंगळा दिवसाही दिसतो कधीकधी. रैनू म्हणाला, "तो गावातला वायला. त्याच्या डोक्यावर चांदन्या असतात. याचं डोकं कोरं आहे."

मी ते ऐकलं आणि विसरलो. दोन-तीन वर्षांनी वर्तमानपत्रात बातमी आली. शंभराहून अधिक वर्षं कोणाला न दिसलेला रानपिंगळा सातपुड्यात पुन्हा सापडला होता. ओळखायची खूण खाली दिली होती : डोक्यावर ठिपके नाहीत. मी दुकानात उभा राहून ती ओळ पुन्हा वाचली आणि मला रैनूचं 'डोकं कोरं आहे' आठवलं.

त्यानंतरचे तीन हिवाळे माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते. हे म्हणायचा हक्क मला उरलेला नाही, तरी ते तसेच होते. शनिवारी दुपारची एसटी, आलापल्लीला बदलायची, संध्याकाळी एटापल्ली. बसच्या टपावर कोंबड्या, मिठाची पोती, आणि एकदा एक अख्खं लाकडी कपाट. नाक्यावर पोलीस माझी लांब लेन्स हातात घेऊन उलटीपालटी करत. एकदा एका हवालदारानं तिच्यातून डोळा लावून रैनूकडे पाहिलं आणि हे नक्की काय आहे म्हणून विचारलं. रैनू म्हणाला, साहेब, यातून गोळी निघत असंल तं पयले मलेच मारा, तीन वर्षांपासून हे पाखराले मारतो म्हनते आन् अजून एक नाई पडलं. हवालदारही हसला. त्या नाक्यावर कोणी हसणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती.

माझ्या हाताला हायपोचा वास येतो म्हणून रैनू मला आधी नाल्यावर नेई आणि राख-माती चोळायला लावी. पाखरू वासानं पळत नाही हे मी त्याला पुस्तक दाखवून सांगितलं. तो म्हणाला, पाखरू नाई पळत, पन मले खोकला येते. मग झाडाला पाठ लावून बसायचं. माझे गुडघे अवघडत, मी पाय हलवी. "स्टुडिओत तुम्ही लोकाईले काय म्हनता?" त्यानं एकदा हळूच विचारलं. "हलू नका म्हनता ना? मंग आता तुम्ही हलू नका."

तो घुबड शोधत नसे. लहान पाखरं कुठे भांडताहेत ते ऐके. बुलबुल, नाचण, सूर्यपक्षी एका जागी कलकलायला लागले की तिथे कोणीतरी नको असलेलं बसलेलं आहे. झाडाखाली गेलं की तो वर बघायच्या आधी खाली बघे. पिंगळ्यानं ओकून टाकलेल्या छोट्या करड्या गोळ्या पानांत पडलेल्या असत. तो त्या बोटांनी फोडी आणि आतली सरड्याची हाडं, भुंग्याचे पंख तळहातावर मांडून मला दाखवी. काल काय जेवला ते सांगे. त्या गोळ्यांना कोरड्या केसांसारखा वास यायचा.

त्याच जंगलात, मोहांच्या मध्ये, उभे दगड होते. काही गुडघ्याएवढे, काही माझ्या खांद्याएवढे. मेलेल्या माणसाच्या नावानं घरच्यांनी आणून उभे केलेले. तिथून जाताना रैनू बोलणं थांबवी. एका दगडाला हात लावून जाई. तो त्याच्या थोरल्या भावाचा होता. भाऊ कशानं गेला हे मी कधी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. मोहाची झाडंही घरोघरची वाटून दिलेली होती. हे आमचं, हे माझ्या सासऱ्याचं, हे त्या विधवा बाईचं, असं तो चालता चालता सांगायचा, गल्लीतली घरं दाखवावीत तसं.

माघातल्या एका सकाळी पिंगळा मनासारखा दिसला. त्याआधी तो मला चार वेळा दिसला होता, पण दरवेळी फांद्यांच्या आड, नाहीतर पाठमोरा. त्या दिवशी तो उघड्यावर, उन्हात, सरडा घेऊन बसला होता. शेपूट डावी-उजवीकडे झटकत होता. छातीवर रुंद तपकिरी पट्टा, खाली पोट पांढरं शुभ्र, डोकं कोरं. मी अकरा वेळा बटण दाबलं. बाराव्या वेळी बोटच वळेना. रैनू माझ्या मागे उभा होता, त्याचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. पिंगळा उडून गेला. मग रैनूनं कमरेची तंबाखू काढून मला दिली. मी तंबाखू खात नाही. त्या दिवशी खाल्ली आणि ओकलो.

नाल्याशी बसल्यावर मी त्याला म्हणालो की मी गावाचं नाव सांगणार नाही. लोक येतील, त्रास देतील, दिवाळीच्या अमावस्येला घुबडं पकडणारे येतील. रैनूनं पेजेचं गाडगं खाली ठेवलं. त्याला ते चमत्कारिक वाटलं असावं. "काऊन? पाखराले गाव नाई का?"

घुबडं पकडणाऱ्यांची भीती खोटी नव्हती. पण मला खरी भीती दुसऱ्या फोटोवाल्यांची होती. नागपुरात, मुंबईत माझ्यापेक्षा मोठ्या लेन्सवाले लोक होते. ते जीप घेऊन येतील, दोन दिवसांत माझ्यापेक्षा सरस फोटो काढतील, आणि माझे तीन हिवाळे त्यांच्या फोटोखाली गाडले जातील असं मला वाटत होतं. आमच्या धंद्यात जागा लपवायची रीतच होती. चांगला पाणवठा सापडला की भाऊ भावाला सांगत नसे. मी नुसतं नाव झाकलं असतं तरी चाललं असतं. पण पक्ष्यांवरच्या मासिकाच्या संपादकाचं पत्र आलं, ठिकाणाशिवाय नोंद छापता येणार नाही. मी पोस्टातच उभ्याउभ्या लिहिलं, नागभीडजवळच्या जंगलात. नागभीड का? तिथे रेल्वे आहे, भाताचे बांध आहेत, बाजूला थोडं जंगल आहे, आणि ते माझ्या जागेपासून लांब आहे. एवढंच.

फोटो छापून आला. चंद्रपुरात प्रदर्शन झालं. ज्यांनी मला कधी खुर्ची दिली नव्हती ते लोक मला व्यासपीठावर बसवू लागले. स्टुडिओत काचेच्या फ्रेममध्ये मी तो फोटो लावला, खाली ठिकाणासकट. मग दोन तरुण संशोधक आले, एक मुलगा आणि एक मुलगी. त्यांना नागभीडला जायचं होतं. त्यांनी माझ्यासमोर नकाशा पसरला आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. मी त्या नकाशावर एक गोल काढला.

दोन हिवाळे ते तिथे हिंडले. दुसऱ्या वर्षी मुलगा हिवतापानं फणफणत माझ्या बाकावर येऊन बसला. नसीमनं त्याला खिचडी खाऊ घातली. तो मला म्हणाला, सर, आमचंच काहीतरी चुकत असेल. त्यांच्या अहवालात त्यांनी लिहिलं की पक्षी आढळला नाही, अजून शोध घ्यायला हवा. मी अहवालाची प्रत कपाटात ठेवली.

नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली होती. मार्गशीर्षात एक दिवस सकाळी स्टुडिओ उघडला तर पायरीवर रैनू बसलेला. तो याआधी कधी चंद्रपूरला आला नव्हता. रात्रभर एसटी स्टँडवर बसून सकाळी विचारत विचारत आला होता. हातात पळसाच्या पानांची पुडी होती. त्यात पिंगळ्याच्या करड्या गोळ्या, ताज्या. मला वाटलं भेट आणली. त्यानं पुरावा आणला होता.

वरच्या जंगलात कूप लागलं होतं. म्हणजे त्या वर्षी तोडायचं जंगल ठरलं होतं. झाडांच्या बुंध्यांच्या साली तासून त्यावर आकडे घातले होते. गावानं जंगलखात्याच्या साहेबाकडे जाऊन सांगितलं की तिथे आमचे दगड आहेत, आमचे मोह आहेत. साहेब माणूस बरा होता. तो म्हणाला, मोह राहतील, पण मोकळ्यावर उभे राहतील. दगडांचं मला कागदावर लिहिता येत नाही. मग रैनूनं पाखराचं सांगितलं. त्यावर साहेब खुर्चीत पुढे सरकला. असा पक्षी इथे असल्याचा कागद आणा, तो म्हणाला, मी वर लिहितो, या वर्षी हा तुकडा तरी वगळता येईल. एक महिना आहे.

हे सगळं रैनूनं सावकाश, नीट, पाठ केल्यासारखं सांगितलं. मग त्यानं भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवलं. त्याला वाचता येत नव्हतं; खाली ओळ दिसली म्हणजे मी शेवटी गावाचं नाव दिलंच, असं त्याला वाटलं असावं.

"याच्यावर आमच्या गावाचं नाव आहेच ना, भाऊ. तेवढा कागद द्या. दुसरं काई नाई मांगत."

मी म्हणालो, पाठवतो. आजच पाठवतो. नसीमनं त्याला जेवायला वाढलं. जेवून तो दुपारच्या एसटीनं गेला. जाताना त्यानं ती पुडी काउंटरवर ठेवली, जपून, अंडी ठेवावीत तशी.

मी पत्र लिहिलं. ते खरं पत्र नव्हतं. त्यात मी लिहिलं की वेंगाटोल्याच्या परिसरात अशा प्रकारचा पक्षी आढळण्याची शक्यता नाकारता येत नाही. हे वाक्य जमवायला मला तीन दिवस लागले. फोटो जोडला नाही. पत्र टाकलं आणि मला वाटलं की मी माझ्याकडून केलं.

आठ-दहा दिवसांनी तो साहेब स्वतः आला. कामानं चंद्रपूरला आला होता, माझं पत्र खिशात होतं. दुकानात त्या वेळी शहरातले दोन प्रतिष्ठित पक्षीमित्र बसले होते. माझ्या सत्काराचं निमंत्रण घेऊन आले होते. पत्रिका काउंटरवर उघडी पडली होती आणि तिच्यावर तोच फोटो छापलेला होता. साहेबानं भिंतीवरची फ्रेम जवळ जाऊन वाचली. मग माझ्याकडे वळला. आवाज खाली ठेवून, अगदी अदबीनं विचारलं.

"हा फोटो नक्की कुठला, ते तेवढं सांगा. तुम्ही वेंगाटोला म्हणालात तर मी आजच्या आज लिहितो."

पक्षीमित्र माझ्याकडे बघत होते. त्यातला एक तर हसत होता, कारण हे काय विचारणं झालं. आतल्या दारात नसीम चहाचे कप घेऊन उभी होती.

"नागभीडचा," मी म्हणालो.

साहेबाला अजून काही ऐकायचं होतं, मला ते कळत होतं. मग त्यानं पत्राची घडी घातली. मग माझ्या हातात काही नाही, असं म्हणून त्यानं चहा अर्धा ठेवला आणि गेला.

त्या दिवशी दुकान बंद करताना नसीम म्हणाली, "वो आदमी आपके घर खाना खाके गया है." त्यानंतर ती अठरा वर्षं माझ्यासोबत होती, पण या विषयावर तिनं पुन्हा तोंड उघडलं नाही. सत्काराला ती आली नाही. ताप आहे म्हणाली. तिला ताप नव्हता.

जंगल तुटताना मी पाहिलं नाही. माझ्या स्टुडिओच्या मागच्या गल्लीत आरागिरणी होती. त्या उन्हाळ्यात तिचा आवाज सकाळी सुरू व्हायचा आणि ताज्या लाकडाचा वास भिंतीवरून माझ्या अंधाऱ्या खोलीत यायचा. ते लाकूड कुठलं, मला माहीत नव्हतं. कुठलंही असेल. मी फोटो धुता धुता थांबायचो. शेवटी मी खोलीचा झरोका विटा लावून बुजवला. काही दिवसांनी पळसाच्या पुडीला कसर लागली. नसीमनं ती टाकली की मी, हे आठवत नाही. मी पाखरांचे फोटो काढणं सोडलं. डोळे बिघडले असं सगळ्यांना सांगितलं.

रैनू पुन्हा आला नाही. मीही गेलो नाही. नसीम गेल्यावर घरात बोलायला कोणी उरलं नाही आणि तेव्हा तो प्रश्न मला रोज ऐकू यायला लागला, त्या साहेबाच्या आवाजात, अदबीनं.

त्या पौषात सागाच्या लागवडीतून खाली उतरून मी गावाकडे चालू लागलो. वाटेत मोह लागले. तीनच उरले होते, उघड्यावर, एकटे. दगड दिसले नाहीत.

रैनू अंगणात खाटेवर बसला होता. दोन्ही डोळ्यांवर पांढरा पडदा आला होता. मी जवळ जाऊन सलाम केला, नाव सांगितलं नाही. त्यानं मान वळवली. "फोटोवाले भाऊ," तो म्हणाला. "आवाज म्हातारा झाला तुमचा." सुनेनं पाण्याचा लोटा आणून दिला. घरच्यांची खुशाली झाली. नसीमचं ऐकून तो म्हणाला, त्या बाईनं मले तीनदा भात वाढला होता. मग मी त्याला सगळं सांगितलं. नागभीड, तिथे दोन हिवाळे हिंडलेली ती दोन मुलं, पत्रातलं वाक्य, साहेब, मी काय बोललो ते. किती वेळ बोलत होतो कळलं नाही. घरातली कोंबडी माझ्या पायाशी येऊन परत गेली.

"मले मालूम आहे," रैनू म्हणाला. "साहेबानं तवाच सांगतलं. त्याच हप्त्यात."

मग मला का विचारायला आला नाहीस, असं मी विचारलं. तो म्हणाला, गावाले मी सांगतलं का भाऊचं पत्र पोस्टात हरपलं. तुमाले इथी मीच आनलं होतं ना. लोक काय म्हनले असते. लोक मंग पोस्टालेच शिव्या देत राह्यले. तो हसला, पण थोडंसंच. पुढे सांगितलं की तोडणी लागली त्या दिवशी पिंगळा शेजारच्या झाडावर येऊन बसला होता, भर दुपारी, माणसांच्या डोक्यावर. दुसऱ्या दिवशीही आला. बसायचं झाड नव्हतं तरी आला. जमिनीवर बसला. तिसऱ्या दिवशी नाही आला. दगडांवरून ओंडके ओढले. भावाचा दगड त्यानं दोन तुकड्यांत उचलून आणला होता. तो घरामागे होता. मला दाखव म्हणायची हिंमत झाली नाही.

मी खिशातून कागद काढला. दुरुस्तीची नोंद मी घरूनच लिहून आणली होती. संपादकाला पाठवायची, त्या दोन संशोधकांना पाठवायची. त्यांतला मुलगा आता कुठेतरी शिकवतो. मी रैनूला वाचून दाखवली. ऐनाच्या फांदीवर, असं वाचलं तेव्हा त्यानं हात वर केला.

"ऐन नाई. बेहडा होता." मग म्हणाला, "तुम्ही झाड कवा पाह्यलंच नाई, भाऊ. पाखरूच पाह्यलं."

मी खोडलं आणि लिहिलं. तो खाटेवरून खाली वाकला, चाचपडत अंगणातल्या धुळीत बोट टेकवलं आणि तीन आकृत्या काढल्या. सावकाश, एकीला लागून दुसरी. त्या झाडाच्या बुंध्यावर घातलेलं होतं हे, तो म्हणाला. तेवीस-चोवीस वर्षं त्यानं ते चित्रासारखं लक्षात ठेवलं होतं. मी वाकून पाहिलं. ४१७. हे लिहा, तो म्हणाला. मी लिहिलं.

आणखी काही लिहू का, मी विचारलं. सूनबाई दारात उभी राहून ऐकत होती. रैनूनं बोटाची धूळ झटकली.

"लिहा का इथी आता काई नाई. नाई तं ते वाचून पुन्हा कोनाचे पोरं येतील, बिचारे दोन-दोन वर्षं झाडाखाली बसतील."

तर ही नोंद. रानपिंगळा, एक. वेंगाटोल्याच्या वरचं जंगल, एटापल्ली तालुका. माघ महिना, सकाळ, बेहड्याचं झाड. पक्षी रैनूनं शोधला आणि दाखवला. फोटो मी काढला. याआधी छापलेलं ठिकाण मी जाणूनबुजून खोटं दिलं होतं, आणि खरं विचारलं गेलं तेव्हाही खोटंच सांगितलं. झाडावर ४१७ आकडा होता. झाड तोडलं गेलं. त्यानंतर हा पक्षी तिथे कोणालाही दिसलेला नाही. शोधायला जाऊ नये.